शनिवारी खेळू नकोस

टारनीट, मेलबर्न,
बुधवार, रात्र

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर बराच वेळ घरात कुणी बोललं नाही. मग बाबांनी भांडी घासायला घेतली आणि मी उद्याच्या डब्याची गवार निवडायला बसले. मी रागावून लिहीत नाहीये. फोनवर आपल्या दोघींचाही आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून कागद घेतला. तुझ्या डोक्याला बसलेल्या माराबद्दल एकदाच लिहीन, मग बाकीचं.

तर एकदाच. येत्या शनिवारी खेळू नकोस. डोक्याला असा मार बसला की निदान 21 दिवस सामना नाही, हा गावोगावच्या क्लबांसाठी फुटीचाच, म्हणजे तुमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचाच, नियम आहे. अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाला उतरण्याआधी सलग 14 दिवस काहीही त्रास झालेला नसला पाहिजे, असंही सांगितलेलं आहे. तू म्हणालीस, "एएफएलवाले तर 12 दिवसांत परत उतरतात." उतरत असतील. ते देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमधले, त्यांच्याकडे क्लबचे डॉक्टर असतात, रोज तपासणी असते. तुमच्याकडे एक प्रथमोपचाराची पेटी आहे आणि ती सांभाळणारी बाई दिवसभर दुसरी नोकरी करून येते.

झालं. आता बाकीचं.

आम्ही तुझ्याकडे बेंडिगोला आलो होतो तो सामना माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. थंडी कसली होती! बाबा थर्मासमधला चहा सगळ्यांना वाटत होते, तुझ्या त्या दोन नंबरच्या पोरीच्या आजोबांनासुद्धा. तुम्ही हरणार हे पहिल्या क्वार्टरलाच दिसत होतं. दोन वर्षांपूर्वी फायनलपर्यंत गेलेली टीम, त्यातल्या मोठ्या मुली कुणी नोकरीसाठी, कुणी बाळंतपणासाठी गेल्या, आणि उरलात तुम्ही, एकोणीस-वीस वर्षांच्या. समोरच्या बायका अंगानं दुप्पट. चेंडू हातात आला की तुमच्यातली प्रत्येक जण घाबरून तो उंच आणि लांब मारायची, आणि तो थेट त्यांच्या हातात मार्क होऊन, म्हणजे हवेतच झेलला जाऊन, परत तुमच्याच गोलाकडे यायचा.

पण तिसऱ्या क्वार्टरला काहीतरी बदललं. मधल्या वर्तुळात पंचांनी चेंडू वर उडवला, तुमच्या उंच मुलीनं तो टॅप केला आणि खाली तू होतीस. मला वाटलं, आता ही पण डोळे मिटून लाथ मारणार. तू नाही मारलीस. एक पाऊल थांबलीस, मूठ वळलीस आणि उजवीकडून पळत येणाऱ्या त्या वेणीवालीला मुठीनं चेंडू मारून हँडबॉल दिलास. ती बाउंड्रीच्या कडेनं सुटली, चेंडू एकदा जमिनीवर आपटून परत हातात घेतला आणि मग किक. गोल नाही झाला, सहा गुणांऐवजी एकाच गुणाचा बिहाइंड झाला. पण तिथून पुढे वीस मिनिटं तुम्ही त्यांच्या बरोबरीनं खेळलात. चौथ्या क्वार्टरला पाय संपले, ते कुणालाही दिसत होतं. शेवटी फळ्यावर तुमचे 2 गोल, 7 बिहाइंड, एकूण 19. मी परत येताना गाडीत बाबांना म्हटलं, सात बिहाइंड म्हणजे ह्या पोरी सात वेळा गोलाच्या तोंडाशी जाऊन आल्यात. ज्या टीमला पहिल्या सामन्यात एकही गोल करता आला नव्हता, ती आता तिथवर पोचतेय. बाबा म्हणाले, "तू तर आता कोचच झालीस." मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला की तुला सांगायचंच राहिलं. सांगायला हवं होतं म्हणून आत्ता लिहितेय.

तूच मला सिडनीच्या मुलींचं सांगितलं होतंस ना? 2022 मध्ये स्वान्सची महिला टीम पहिल्यांदा उतरली आणि दहाच्या दहा सामने हरली. पुढच्या वर्षी कॉलिंगवुडहून क्लोई मोलॉय आली, सहा सामने जिंकले, फायनल्समध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांत, गेल्या आणि तिथं गोल्ड कोस्टला हरवलं. एका वर्षात. आणि ब्रिस्बेनचे पुरुष? 2017 ला गुणतक्त्यात सगळ्यात खाली, अठरावे. 2024 ला चषक. त्यांना सात वर्षं लागली. मधल्या काळात क्लबनं कोच बदलला नाही. ख्रिस फॅगन 2017 लाही होता आणि चषक उचलला तेव्हाही तोच.

आणि बाबांचं लाडकं नॉर्थ मेलबर्न. 2023 चा तो शेवटचा सामना आठवतो? ओळीनं वीस पराभव झाले होते. होबार्टला गोल्ड कोस्टविरुद्ध हरले असते तर सगळ्यात तळाला राहिले असते, आणि तळाच्या टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, पहिला खेळाडू निवडायला मिळतो. ते जिंकले आणि तो पहिला नंबर वेस्ट कोस्टकडे गेला. बाबा हळहळत होते, "एक मॅच सोडून दिली असती तर काय बिघडलं असतं?" तू सोफ्यावर उभी राहिलीस आणि केवढ्यानं ओरडलीस, "बाबा, हरायची सवय लागलेल्या टीममध्ये कुणीही आणून घाला, तो पण हरायलाच शिकतो!" त्या वेळी तू अजून शाळेत होतीस. मला तेव्हाच कळलं की हा खेळ तुला सुटणार नाही.

म्हणूनच म्हणते. ब्रिस्बेननं सात वर्षं काढली, तुला तीन आठवडे काढता येत नाहीत? तू शनिवारी नसलीस तर टीम मोडत नाही. तू म्हणतेस, मुली कमी आहेत, सामना सोडून द्यावा लागेल. लागू दे. ते क्लबनं बघायचं, तू नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीनं आपल्या डोक्यावर क्लबची हजेरी भरायची का?

पुन्हा तिथंच आले. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते. माफ कर. पण आता सुरू झालंच आहे तर ॲंगस ब्रेशॉचं नाव घेते. मेलबर्नला 2021 चा चषक मिळवून देणाऱ्या टीममधला. 2023 च्या फायनल्समध्ये डोक्याला मार बसला आणि 2024 चा हंगाम सुरू व्हायच्या आत डॉक्टरांनी सांगितलं, थांब. तो थांबला, ऐन उमेदीत. तो भित्रा होता का? तूच सांग.

आणि हेदर अँडरसन. हिच्याबद्दल तू माझ्याशी कधी बोलत नाहीस, म्हणजे तुला माहीत आहे. 2017 ला महिलांचं एएफएल सुरू झालं तेव्हा पहिला चषक जिंकणाऱ्या ॲडलेडच्या टीममध्ये ती होती. सैन्यात मेडिक होती. 2022 ला गेली, वय 28. नंतर तिचा मेंदू तपासला तेव्हा त्यात डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसल्यानं होणारा तो आजार सापडला. तो आजार माणूस जिवंत असताना खात्रीनं सांगता येत नाही, सई. ती गुलाबी हेल्मेट घालायची. तिच्या आईला नीट दिसत नाही, मैदानात आपली लेक कुठली हे आईला ओळखू यावं म्हणून. हे मी वाचलं आणि मला पुढचं वाचवेना. तू लगेच म्हणशील की मग मीही हेल्मेट घालते. हेल्मेटनं कवटी वाचते, जखम वाचते. आत मेंदू हलतो त्याला ते थांबवत नाही.

तू सहा वर्षांची असताना ऑसकिकला, लहान मुलांच्या फुटीला, जायला लागलीस. चेंडू तुझ्या पोटाएवढा. क्वार्टरच्या सुट्टीत मी संत्र्याच्या फोडी वाटायचे आणि तू त्या गालात धरून नारिंगी दात दाखवत फिरायचीस. मग पहिलं माउथगार्ड आणलं. ते गरम पाण्यात मऊ करून दातांत दाबायचं असतं. घरात दुसरं भांडं रिकामं नव्हतं, तर बाबांनी चहाच्या पातेल्यात टाकलं. माईआत्या आली होती तेव्हा, तिनं ते पातेलं पुन्हा वापरूच दिलं नाही. मी तुला कधी अडवलं नाही. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, मुलीला भरतनाट्यमला घाला, हा रांगडा खेळ कशाला. मी त्यांना काही उत्तर दिलं नाही, कारण मी स्वतः फलटणच्या मैदानावर खो-खो खेळत, गुडघे फोडून मोठी झाले.

तुला ही गोष्ट मी सांगितलेली नाही. जिल्ह्याचा सामना होता, साताऱ्याला. आमच्या कॅप्टननं गडी बाद करायला सूर मारला आणि कपाळ खुंटावर आपटलं. आवाज आला मोठा. सरांनी हळद दाबली, पाणी पाजलं, ती उठली. उठली आणि खेळली, आणि दोन गडी बाद केले. अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं. रात्री एसटीनं परत येताना ती माझ्या शेजारी बसली होती. लोणंदच्या आसपास तिनं विचारलं, "आपण जिंकलो ना गं?" मी म्हटलं, जिंकलो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. गाव येईपर्यंत तिनं तीन-चारदा विचारलं आणि आम्ही सगळ्या मुली हसत होतो, आम्हाला ती गंमत वाटली. पुढे तिला अभ्यासाला बसलं की डोकं दुखायचं, दहावीच्या आत तिनं शाळा सोडली. त्यामुळेच सोडली का, हे मला माहीत नाही. तेव्हा कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही.

रविवारी फोनवर तू मला विचारलंस, आज्जीचा रिपोर्ट आला का. मी सांगितलं, आला, सगळं ठीक आहे. पाच मिनिटांनी तू पुन्हा विचारलंस, आज्जीचा रिपोर्ट आला का. तुझ्या लक्षात आलं नाही. मी दुसऱ्यांदाही नीट उत्तर दिलं, बाबांना काही बोलले नाही, आणि रात्रभर जागी होते. काल मी ओरडले ते ह्यासाठी. तुला वाटलं, आईला फुटी आवडत नाही.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरकडे जा. डोकं दुखतंय का विचारलं तर "थोडंसं" म्हणू नकोस, जे असेल ते सगळं सांग. लाइटचा त्रास होतो हे सांग, रविवारचंही सांग. तुमच्या कोचशी मी बोलणार नाही, काळजी करू नकोस, ते तुझं तू बोल. पण शनिवारी मी सनशाइन स्टेशनला गाडी बदलून येतेय. तू त्यांच्या शेजारी बाकावर बस, कोण कुठे रिकामं सुटतंय ते बघून सांग. तुला ते खेळताना जसं दिसतं तसं बाहेरूनही दिसेल. त्या वेणीवालीला सांग, किक मारताना चेंडू फार उंचावरून सोडते आहे, म्हणून तिचे सगळे डावीकडे जातात. चौथ्या क्वार्टरला सगळ्यांचे पाय जड होतात तेव्हा छोटे हँडबॉल द्या, लांब मारू नका.

निखिलचं काय ठरलं ते आल्यावर बोलू, त्याचं टेन्शन आत्ता घेऊ नकोस. येताना थालीपिठाची भाजणी आणि लसणाची चटणी आणते, फ्रीजमध्ये जागा करून ठेव. आणि उद्या बाबांना एक फोन कर. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत, काल रात्री तुझ्या टीमचे पुढचे सामने कधी आहेत ते कॅलेंडरवर लिहून ठेवत होते. तुझे 21 दिवस संपल्यानंतर घरच्या मैदानावर अजून चार सामने आहेत, ते मी मोजले.

तुझी,
आई