मंत्री महोदय, आमची नहर मुरमाखाली गेली

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. छत्रपती संभाजीनगरातून लिहितोय. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला आणि चार फुटांवर खापराचा नळ फुटला. चुन्यात बसवलेला, आतून बोट फिरवलं तर गुळगुळीत, आणि त्यातून पाणी येत होतं साहेब, थंडगार. अर्धा तास बायका हंडे भरत होत्या. मी ओरडून सांगत होतो की ही जुनी नहर आहे, जमिनीखालची पाण्याची वाट, थांबा. एक अधिकारी आले, मोबाईलवर फोटो काढले, पंधरा दिवसांत जोडून देतो म्हणाले. काल सकाळी बघतो तर खड्ड्यात मुरूम आणि वरून रोलर!

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्याने १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आपलंच हे शहर, वसवली तेव्हा आधी पाण्याची सोय बघितली, नहर-ए-अंबरी बांधली. पुढे त्याच शतकाच्या शेवटी बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पाणचक्कीची नहर आली. हर्सूलकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापराच्या नळांनी येतं, भिंतीच्या मनोऱ्यावर आपोआप चढतं कारण उगम त्याच्यापेक्षा उंच आहे, तिथून झोत हौदात पडतो आणि खाली पात्यांवर पाणी सोडलं की जातं फिरतं. मोटार नाही, लाईटबिल नाही. त्या जात्यावर फकिरांचं, तिथं शिकणाऱ्या पोरांचं दळण व्हायचं. हौदाच्या खालीच दालन आहे, भर मे महिन्यात आत गेलं की अंगावर गारवा येतो. लहानपणी बाबा मला तिथं न्यायचे, मी झोताखाली हात धरायचो. या उन्हाळ्यात पोरीला नेलं, तर पाती कोरडी. ती म्हणाली, बाबा, पाणी कुठं गेलं? काय सांगू तिला?

आता आमचं ऐका. आमच्याकडे नळ आठव्या दिवशी येतो, तोही रात्री दोनला. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, ती पण उठते, कारण एकट्या बायकोच्यानं टाक्या भरत नाहीत आणि माझी कंबर तीन वर्षांपासून गेलीय. ड्रम उचलूनच गेली. टँकरला पैसे वेगळे, पाणीपट्टी वेगळी. एकदा सुद्धा थकवली नाही मी.

पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडी, १०२ टीएमसीचं धरण, आणि शहर तहानलेलं. नवी योजना १६८० कोटींची म्हणून सुरू झाली ती २७४० कोटींवर गेली. एवढे कोटी मोजता येतात, मग फुटलेला चार फुटांचा नळ जोडायला कुणाची सही अडते? खोदणाऱ्याच्या हातात नहरीचा नकाशा का देत नाही तुम्ही? रस्ता होतो, बिल निघतं, फोटो निघतो, आणि खाली काय गाडलं ते कुणी विचारत नाही. सगळीकडे हेच चाललंय, रस्ता काय, नाला काय, शाळेची भिंत काय, आधी फोडायचं आणि मग त्याच कामाचं नवीन टेंडर काढायचं. चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे बांधलं त्यांना उतार कळत होता, आपल्याला निधी कळतो फक्त.

मागणी एवढीच. सोमवारी डांबर पडणार असं सुपरवायझर म्हणाला. त्याच्या आधी मुरूम काढा, जाणकार माणसाकडून नळ चुन्यात जोडून घ्या, सिमेंट ओतू नका. खड्डा नेमका कुठं होता ते मी दाखवतो. फुटलेली खापरं गोळा करून घरी पोत्यात ठेवलीत.

आपला,
त्याच गल्लीतला एक नळधारक