पाच ग्रॅमची पुडी आणि बंदीचा कायदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमली पदार्थ पकडल्याच्या बातमीत माल किती किलोचा, किती कोटींचा हे ठळक छापून येते. त्यात खरे हेरॉइन किंवा एमडी (मेफेड्रोन ही नशेची भुकटी) किती टक्के होते, हे क्वचितच कळते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याची गोम इथेच आहे.

या कायद्यात हेरॉइन 5 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ‘अल्प’ आणि 250 ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ‘व्यापारी’ प्रमाण धरतात. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे. वजन फक्त शुद्ध अंशाचे धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले होते. 2009 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून सगळ्या मिश्रणाचे वजन धरायला लावले आणि 2020 मध्ये न्यायालयानेही ते मान्य केले. रस्त्यावर मिळणाऱ्या गर्दमध्ये, म्हणजे हलक्या हेरॉइनमध्ये, भेसळ असतेच. समजा, 6 ग्रॅमच्या पुडीत हेरॉइन दहा टक्के, म्हणजे जेमतेम 0.6 ग्रॅम आहे. तरी तो माणूस मधल्या गटात जातो. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम 64 अ खटल्यापासून संरक्षण देते, पण सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरतेच. विकणाऱ्याने मिसळलेल्या भुकटीपायी आजारी माणूस या संरक्षणाला मुकतो. हा उघड अन्याय आहे.

शिवाय बंदीने माल सौम्य होत नाही, जहाल होतो. चोरून न्यायचा माल कमी जागेत मावणारा हवा, म्हणून अफू मागे पडून गर्द आले. एमडीवर फेब्रुवारी 2015 मध्ये बंदी आली. तरी 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला त्याचे कारखाने सापडलेच.

गर्दने माणूस दगावतो तो अनेकदा पुडीतली तीव्रता ठाऊक नसल्याने. तुरुंगातून सुटलेल्याला धोका सर्वांत जास्त: आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर येताच तो जुनाच डोस घेतो. श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अशा वेळी हेरॉइनचा असर उलटवणाऱ्या नॅलोक्सोन या औषधाचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणते. मात्र त्याचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि हेरॉइन अंगात शिल्लक असेल तर माणूस पुन्हा बुडतो, म्हणून रुग्णालयात न्यावेच लागते. नेमक्या याच वेळी सोबती पोलिसांच्या भीतीने पळून जातात.

पोर्तुगालने 2001 पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले. तिथे तो माणूस न्यायालयाऐवजी समितीपुढे जातो, विक्री मात्र गुन्हाच राहिली. आपल्याकडे सामाजिक न्याय मंत्रालयानेही 2021 मध्ये स्वतःपुरते अल्प प्रमाण बाळगणे गुन्हा मानू नये, असे सुचवले होते. गांजाबाबत तर परवाना देऊन, तीव्रता छापून विक्री करायला हरकत नाही. त्याच झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, केंद्रीय कायद्याने वगळलेलीच आहेत. मुलांना विकणाऱ्याला कडक शिक्षा हवीच.

निदान एवढे तरी लगेच करता येईल: वजन शुद्ध अंशाचे धरावे, तुरुंगातून सुटणाऱ्या व्यसनीच्या घरच्यांना नॅलोक्सोन द्यावे आणि मदतीला फोन करणाऱ्या सोबत्यावर त्या पुडीवरून गुन्हा दाखल होणार नाही, अशी तरतूद कायद्यात करावी.

आपला,
एक वाचक, पुणे