यंत्राच्या खोक्यावर आवाजाचा आकडाही हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिडकोत आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून तिसरी पाळी करून सकाळी परतणारा माझा मुलगा झोपायला आणि शेजारचे वॉशिंग मशीन सुरू व्हायला एकच गाठ पडत असे, आणि कपडे पिळायची वेळ आली की आमच्या मांडणीतली स्टीलची ताटे वाजू लागत. मी तीस वर्षे मोटारींचे रोटर, म्हणजे आतले फिरणारे भाग, बॅलन्स करण्याचे काम केले असल्याने, शेजाऱ्यांना विचारून मशीन मागून पाहिले. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट बसवणाऱ्याने काढलेच नव्हते! ते काढून पाय समपातळीत केले आणि ताटे गप्प झाली.

आमचे काम बोल्टवर भागले, पण पुष्कळसा आवाज मुळात कारखान्यातच रोखायला हवा. पन्नास सेंटिमीटर व्यासाच्या ड्रममध्ये अर्धा किलो ओला कपडा एका बाजूला गोळा झाला, तर मिनिटाला १,००० फेऱ्यांना तो सुमारे १४० किलो वजनाइतक्या जोराने ड्रमला बाहेर ओढतो. फेऱ्या १,४०० केल्या की हा जोर जवळपास दुप्पट होतो. तो पेलण्यासाठी स्प्रिंग, हादरे जिरवणारे डॅम्पर आणि काँक्रीटचे वजन लागते, आणि काटकसर नेमकी तिथेच केली जाते, असा माझा अनुभव आहे. मिक्सरमध्ये वेगाने फिरणाऱ्या कॉम्युटेटरवर, म्हणजे मोटारीच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, वीज पोचवणारे कार्बन ब्रश घासतात; त्यात खालचे रबरी बूट कडक झाले की अख्खा ओटा घुमतो.

१९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या परिशिष्टात फ्रिजसाठी ४६, एअर कूलरसाठी ६० आणि एक ते दीड टनाच्या खिडकीतील एसीसाठी ६८ डेसिबलची मर्यादा आहे. मिक्सर आणि वॉशिंग मशीन मात्र त्या यादीत नाहीत. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून लागू असलेल्या वॉशिंग मशीनच्या लेबलवर पिळतानाचा आवाज डेसिबलमध्ये छापावा लागतो. आपल्याकडे दुकानात आवाजाचे विचारले, तर वॅट आणि वीजबचतीचे तारे सांगितले जातात.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो आणि भारतीय मानक ब्युरो यांनी ताऱ्यांच्या शेजारी आवाजाचा आकडा छापणे सक्तीचे करावे, आणि तो रिकामे यंत्र चालवून न मोजता ड्रममध्ये ओले कपडे आणि मिक्सरच्या भांड्यात भिजवलेली डाळ घालून मोजावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सिडको, नाशिक