पद्मिनीच्या नव्या तोंडासाठी मनापासून आभार

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड फायबरग्लासमध्ये एकसंध तयार झाले आणि गाडीवर चपखल बसलेसुद्धा. याचं श्रेय गोव्यातल्या मालीम जेटीजवळ होड्यांचं फायबरकाम करणाऱ्या तुम्हा दोघा भावांना. नावं लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

रेझिनमध्ये, म्हणजे काचतंतूंना बांधणाऱ्या चिकट द्रवात, कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं द्रावण) आधी पूर्ण ढवळायचं, मगच रेझिन घट्ट करणारा हार्डनर घालायचा. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. आपल्या उकाड्यात हार्डनर १ टक्क्याच्या आसपास पुरतो, जास्त झाला तर रेझिन डब्यातच थिजतं. काचतंतूंची पांढरी मॅट रेझिन पिऊन पारदर्शक होईपर्यंत ब्रशने थोपटत राहायचं, मग रोलरने हवेचा एकेक बुडबुडा कडेला ढकलायचा. हेडलाइटच्या गोलाईत तर माझा हात धरून शिकवलंत. परक्याच्या गाडीसाठी एवढा जीव कोण लावतं!

साचा घासून दिला तो चित्ररथांच्या कारागिराने, तेही शिगम्याच्या ऐन धांदलीत. मॅट उधारीवर देणाऱ्या पणजीच्या दुकानदारांचेही आभार.

दादांनो, पावसाआधी रंग होईल. पहिली फेरी तुमच्या जेटीवरच.