देश कमी घ्या, पण मुलांच्या हातात काहीतरी द्या

संपादक महोदय,
स. न.

मुलांसाठी जगभरच्या संस्कृतींचे कलामहोत्सव हल्ली बरेच होतात, चांगलंच आहे, तक्रार त्याबद्दल नाहीच. पण तिथे होतं काय तर झेंडे, भाड्याचे ड्रेस, गाणं लावून दोन-तीन मिनिटांचा डान्स आणि समोर सगळे पालक मोबाइल वर धरून. जपान संपला की ब्राझील, ब्राझील संपला की 'आफ्रिका'. अहो, आफ्रिका म्हणजे एक देश आहे का? 54 देश आहेत तिथे, आणि पोरांना गवताचे स्कर्ट नेसवून तोंडाला काळं फासायचं म्हणजे... जाऊ दे.

माझं म्हणणं एवढंच की देश तीन-चारच घ्या पण नीट घ्या. इंडोनेशियाचं वायांग कुलित बघा, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, म्हशीचं कातडं कोरून बाहुल्या करतात आणि दालांग नावाचा एकटा माणूस पडद्यामागे बसून सगळ्या बाहुल्या नाचवतो, सगळ्यांचे आवाज काढतो, वर गामेलान (तिथला वाद्यवृंद) वाजवणाऱ्यांना इशारेही तोच देतो, आणि गोष्टी बऱ्याचदा रामायण-महाभारतातल्याच! आता हे मुलांकडून करून घ्यायला लागतं काय तर पुठ्ठा, कात्री, काड्या, एक पांढरी चादर आणि एक दिवा. बाहुली दिव्याजवळ नेली की सावली मोठी आणि धूसर होते, पडद्याला टेकवली की एकदम रेखीव, हे कोणी शिकवायला लागत नाही, भांडत भांडत मुलं स्वतःच शोधून काढतात.

किंवा जपानचं कामिशिबाई. 1930 च्या दशकात तिकडे सायकलवरून चित्रं घेऊन गोष्टी सांगणारे फिरायचे, पोट मात्र गोळ्या-मिठाई विकून भरायचं. गंमत म्हणजे पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या चित्राच्या पाठीवर लिहिलेला असतो, कारण चित्रं एकामागे एक लावलेली आणि सांगणारा मागे उभा असतो ना, त्याला तेवढंच दिसतं. मुलांना हे कोडं घालून बघा आणि मग त्यांचीच गोष्ट त्यांना काढू द्या.

आणि प्लीज, नंबर काढू नका. मुलं चित्र काढायचं सोडून शेजारच्याचं बघत बसतात.

आयोजक म्हणतील एवढं करायला वेळ कुठे मिळतो. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत आणि आभार यातलं निम्मं कापलं तर सहज तासभर निघेल.

आपला,
एक पालक