फांदी नको, सडा वेचावा

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील वसंतातील फुलांच्या भटकंतीवरील लेख वाचला. जळगावहून सकाळी निघून सातपुड्यात पाल गावापर्यंत जावे आणि वाटेतला पळस, पांगारा, काटेसावर डोळे भरून पाहावी, ही सूचना मनापासून पटली. मात्र घर सजवण्यासाठी ‘एखादी फुललेली फांदी’ आणण्याचा सल्ला मुळीच पटला नाही.

पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते, म्हणून तोडलेले प्रत्येक फूल म्हणजे एका बीची हुकलेली संधी होय. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये रान पानगळीने उघडे पडलेले असताना याच फुलांतील मधावर शिंजीर, मैना आणि बुलबुल येतात. थोडा वेळ झाडाखाली स्तब्ध उभे राहिले, तर चोच बुडवून निघालेल्या शिंजीराच्या कपाळावर पिवळे पराग चिकटलेले दिसतात. हे दृश्य फुलदाणीत कुठून येणार?

धुळवडीच्या रंगासाठी फुले हवीच असतील, तर झाडाखाली पडलेला केशरी सडा पुरेसा आहे. आमच्या घरी तोच वेचून आणून रात्रभर पाण्यात भिजवतात. आपण पुढील लेखात ही दुरुस्ती आवर्जून छापावी, ही विनंती.

— एक वाचक, जळगाव