व्हील कॅप पुढून उपटू नका, मागून ढकला

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या टायरच्या दुकानांत रांगा लागतात. चाकाचे बॅलन्सिंग, म्हणजे वजन सगळीकडे सारखे, करायचे तर अलॉय चाकाच्या मधोमध बसवलेली प्लास्टिकची सेंटर कॅप काढावीच लागते, कारण मशीनचा दांडा त्याच भोकातून जातो. गाडी घरी आल्यावर मात्र कॅपच्या कडेला रिमवर नखाएवढा ओरखडा दिसतो, नाहीतर चार दिवसांत कॅपच वाटेत कुठेतरी पडते. दोन्ही प्रतापांमागे चपटा स्क्रू ड्रायव्हर असतो.

खरे तर तिथे पुढून काही खुपसायची गरजच नसते. अलॉयच्या बहुतेक कॅप नट झाकत नाहीत. नट सोडून चाक उतरवले की कॅपची पाठ समोर येते. चाक उभे धरावे, पुढे एक हात ठेवावा आणि मागून कॅपचे दात, म्हणजे तिला धरून ठेवणारे प्लास्टिकचे आकडे, एकेक करून बोटांनी आत दाबत ती पुढे सरकवावी. घट्ट असेल तर हातोडीचा लाकडी दांडा फडक्यात गुंडाळून दातांच्या मुळाशी, गोल फिरत, हलके ठोके द्यावेत. मधोमध ठोकले तर बोधचिन्हाची चकती सुटते. दातांमागे तारेची रिंग असेल तर ती जपून ठेवावी. ती हरवली किंवा गंजून मोडली की कॅप बसल्यासारखी दिसते, पण पहिल्या खड्ड्यात निघते. आणि खड्ड्यांची आपल्याकडे वानवा नाही.

स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटले की कॅप तिरकी होते आणि सगळा ताण दोन-तीन दातांवर येतो. उन्हाने कडक झालेले जुने प्लास्टिक हा ताण सोसत नाही. रिमवरचे नुकसान त्याहून वाईट. लॅकर, म्हणजे रिमवरचा पारदर्शक थर, जिथे फुटते तिथून खारी हवा आणि ओल आत शिरते व लॅकरखाली ॲल्युमिनियम पांढरे पडत अळीच्या रेघांसारखे पसरत जाते. मिरामार, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगतच्या भागांत हे लवकर होते. वरून पॉलिश मारून ते जात नाही.

कॅप नटांवर असेल तर मात्र ती पुढूनच काढावी लागते. आधी गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत तारेचा आकडा आहे का पाहावे. काही गाड्यांना तो याच कामासाठी दिलेला असतो आणि कॅपला त्याच्यासाठी खाच असते. खाच नसेल तर रिमवर रंगकामाची कागदी टेप लावावी, जुने एटीएम कार्ड सरकवून फट करावी आणि प्लास्टिकच्या दोन पट्ट्या समोरासमोर घालून थोडे-थोडे उचलत जावे. डिचोली-सांग्याकडची लाल माती फटीत सिमेंटासारखी बसते. ती आधी जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने काढावी. हाताला सोसवेल इतके गरम पाणी ओतले की प्लास्टिक थोडे नरमते. पेट्रोल किंवा थिनर लावू नये, प्लास्टिकला तडे जातात. चोर्ला घाट उतरून आल्या आल्या चाकाला हात लावू नये, ब्रेक निवू द्यावेत.

लोखंडी रिमवरच्या मोठ्या कव्हरांत एक गोम आहे. काही कव्हरे नटांखालीच दाबलेली असतात. नट न सोडता ओढली तर फाटतात. आणि काही जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकांत कॅपच्या आत पत्र्याची वाटी असते. ती बेअरिंगच्या ग्रीसची, तिला हात लावायचा नाही.

परत बसवताना खोबण पुसावी, दातांवर सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे आणि तळहाताने चारही बाजूंनी दाबावे, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. कव्हर असेल तर आधी व्हॉल्व्हची खाच जुळवावी. नट टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळावेत. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 130 न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

कॅप हरवली म्हणून बेअरिंग लगेच जात नाही, हल्ली ती सीलबंद असतात. पण हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, नट आणि आटे उघडे पडतात, पावसात गंजतात आणि पुढे ड्राइव्ह शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) काम निघाले की नट सुटता सुटत नाही.

टायरवाल्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्यांचा एक संच दुकानात ठेवावा, एवढीच मागणी आहे. आणि नवी कॅप घेताना ग्राहकांनी नुसते बोधचिन्ह दाखवू नये. जुनीच्या पाठीवरचा पार्ट नंबर न्यावा. तो पुसला असेल तर दोन मापे घ्यावीत: बाहेरचा व्यास आणि दातांचा व्यास. जुनी आणि नवी बाहेरून दोन्ही 60 मिलिमीटर असल्या, तरी दातांत दोन मिलिमीटरचा फरक असला की नवी एकतर बसतच नाही, नाहीतर टिकत नाही.

— टायर व व्हील अलाइनमेंटच्या कामातील एक वाचक, फोंडा